कोळशाच्या पोटातला दिवा : सर हम्फ्री डेव्ही

आपल्याकडे बॅटरी म्हटलं की दोन अर्थ निघतात. होस्टेलवर बॅटरी म्हणजे मोबाईलची, जी नेमकी सबमिशनच्या आदल्या रात्री संपते. गावाकडे बॅटरी म्हणजे टॉर्च. शुद्ध मराठीत तिला विजेरी म्हणतात, पण बोलताना विजेरी म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. केज तालुक्यात माझ्या मामांच्या घरी ती दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असते. रात्री शेतात निघताना एकवेळ चप्पल राहील, पण बॅटरी राहणार नाही. कारण सरळ आहे. शेतीपंपाची लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर योजना आल्या आहेत, पण सगळ्यांच्या बांधापर्यंत त्या अजून पोहोचायच्या आहेत. तोवर दारं धरायला रात्री बारा वाजताही जावंच लागतं. चिखलात साप, विंचू काय असेल सांगता येत नाही. 2020 च्या शेवटी आपल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा तर रात्रीचं पाणी म्हणजे जिवाशी खेळ झाला होता.

मित्रांनो, म्हणूनच यंदा मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपनं एक चांगली, जास्त उजेडाची, हातात मावणारी बॅटरी डिझाईन करायचं ठरवलं. विषय ऐकून काही जण हसले. टॉर्चमध्ये डिझाईन करण्यासारखं काय आहे? दोनशे रुपयांत बाजारात मिळते! मग मी लायब्ररीत बसून वाचायला लागलो, आणि वाचता वाचता एका माणसापाशी येऊन थांबलो. शाळेत त्याची आणि आपली ओळख फक्त 'रिकाम्या जागा भरा' पुरती असते : खाणीतला सुरक्षा दिवा कोणी शोधला? उत्तर, हम्फ्री डेव्ही. एक मार्क. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, तिथे हेच इंग्लिशमध्ये पाठ केलं. पण त्या एका मार्कामागे केवढा माणूस आहे, आणि तो दिवा बनवताना त्याच्यापुढे आपल्यासारखेच प्रश्न कसे होते, हे मला आत्ता कळलं. म्हणून हा लेख.

हम्फ्री डेव्हीचा जन्म 17 डिसेंबर 1778 चा, इंग्लंडच्या अगदी टोकाला असलेल्या कॉर्नवॉल भागातल्या पेन्झन्स गावातला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. 1794 मध्ये ते वारले आणि घरावर कर्ज राहिलं. मोठा मुलगा हम्फ्री तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा. पुढच्या वर्षी त्याला गावातल्या एका सर्जनकडे शिकाऊ म्हणून लावलं. हा सर्जन औषधंही तयार करायचा. कॉलेज नाही, डिग्री नाही. बाटल्या धुता धुता, औषधं कुटता कुटता तो रसायनशास्त्र शिकला. कविताही करायचा. आपल्याकडे सायन्सवाला आणि आर्ट्सवाला यांच्यात जी भिंत उभी केलेली असते, ती त्याच्या डोक्यात कधीच नव्हती. पुढे वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांच्या 'लिरिकल बॅलड्स'च्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं तपासायला त्यानं मदत केली, म्हणजे बघा!

1798 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला ब्रिस्टल शहरात नोकरी लागली. डॉ. थॉमस बेडोज यांनी तिथे वेगवेगळे वायू हुंगवून रोग बरे होतात का, हे पाहण्यासाठी एक संस्था काढली होती. डेव्हीचं काम वायू बनवणं आणि तपासणं. तपासायचं कोणावर? स्वतःवर! नायट्रस ऑक्साईड, ज्याला लाफिंग गॅस म्हणतात, तो त्यानं स्वतः कितीतरी वेळा हुंगला. एकदा कार्बन मोनॉक्साईड असलेला वायू ओढला आणि मरता मरता वाचला. 1800 मध्ये त्यानं या प्रयोगांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात नायट्रस ऑक्साईडनं वेदना कमी होतात, तेव्हा ऑपरेशनच्या वेळी त्याचा उपयोग होऊ शकेल, असं नोंदवून ठेवलं. ही सूचना डॉक्टरांनी मनावर घ्यायला पुढची चाळीसेक वर्षं गेली. तोवर माणसं शुद्धीत असतानाच पाय कापून घेत राहिली. पुस्तकात छापून आलं म्हणजे जगाला कळलं असं नसतं, हे यातून मला पहिल्यांदा जाणवलं.

त्याच वर्षी, 1800 मध्ये, इटलीच्या व्होल्टानं आपल्या विद्युत चळतीची माहिती जाहीर केली. ही जगातली पहिली बॅटरी. डेव्ही त्या बॅटरीच्या प्रेमातच पडला. 1801 मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला आणि तिथे त्याची व्याख्यानं इतकी गाजली की बाहेरच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवर घोडागाड्यांची कोंडी व्हायची. लंडनमधला पहिला वन-वे रस्ता त्यामुळेच झाला असं सांगतात. 1807 मध्ये त्यानं वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडली आणि पोटॅशियमचे चकचकीत थेंब बाहेर पडले. ते पाहून हा गडी प्रयोगशाळेत चक्क नाचला म्हणे. पाठोपाठ सोडियम. दुसऱ्या वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियम. पिरियॉडिक टेबल पाठ करताना आपण वैतागतो, पण त्यातली सहा घरं एकाच माणसानं दोन वर्षांत भरली, हे कुणी सांगितलं असतं तर पाठ करायला तरी मजा आली असती.

आता आमच्या विषयाच्या जवळची गोष्ट. डेव्हीनं बॅटरीच्या दोन टोकांना कोळशाच्या कांड्या जोडल्या आणि त्या एकमेकींपासून थोड्या दूर नेल्या. मधे डोळे दिपवणारी प्रकाशाची कमान उभी राहिली. हाच आर्क लाईट. 1810 च्या सुमारास रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरातल्या 2000 जोड्या पत्र्यांच्या अजस्र बॅटरीवर त्यानं हा प्रकाश लोकांना दाखवला. म्हणजे बॅटरीपासून झगझगीत उजेड काढून दाखवणारा हा माणूस. फक्त त्याची बॅटरी खिशात काय, आपल्या रूममध्येसुद्धा मावली नसती!

एव्हाना डेव्ही सर हम्फ्री झाला होता. 1812 च्या एप्रिलमध्ये त्याला नाईट हा किताब मिळाला, तीन दिवसांनी जेन अप्रीस या श्रीमंत विधवेशी लग्न झालं. त्याच वर्षी एका स्फोटक रसायनाचा प्रयोग करताना काचेचे तुकडे डोळ्यात गेले. काही दिवस लिहायला माणूस लागला. याच काळात त्याच्याकडे एक बुकबाईंडरचा शिकाऊ पोरगा आला. डेव्हीची चार व्याख्यानं ऐकून त्यानं त्यांच्या सुरेख नोट्स काढल्या होत्या आणि बांधून पाठवल्या होत्या. मार्च 1813 मध्ये डेव्हीनं त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. त्या पोराचं नाव मायकेल फॅरडे. ज्यांना नोट्स काढायचा कंटाळा येतो त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

त्यानंतर डेव्ही बायकोला आणि फॅरडेला घेऊन युरोपच्या सफरीवर गेला. इंग्लंड आणि फ्रान्सचं युद्ध चालू होतं, तरी नेपोलियनच्या परवान्यानं हे लोक पॅरिसला पोहोचले. पुढे 1814 मध्ये फ्लॉरेन्सला त्यांनी मोठ्या भिंगातून सूर्याचं ऊन एकवटून हिरा जाळला आणि हिरा म्हणजे शुद्ध कार्बनच, हे दाखवलं. हिरा आणि कोळसा भाऊ भाऊ! आणि इंग्लंडला परतल्यावर या दुसऱ्या, काळ्या भावाशीच त्याची गाठ पडायची होती.

1812 च्या मे महिन्याची 25 तारीख. इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसलजवळ फेलिंग नावाची कोळशाची खाण होती. तिथे स्फोट झाला आणि 92 जण मेले. त्यात कितीतरी लहान पोरं होती. कारण तेच, खाणीतला वायू. कोळशाच्या थरांत मिथेन अडकलेला असतो. हवेत तो साधारण 5 ते 15 टक्के मिसळला की ठिणगी पुरते. आणि खाणीत तर काळोख! काम करायचं तर उजेड हवा, उजेड हवा तर मेणबत्ती हवी, आणि मेणबत्ती म्हणजेच मरण. लोकांनी नाना उपाय केले होते. एक पोरगा चकमकीवर पोलादाचं चाक फिरवत बसायचा आणि त्या ठिणग्यांच्या उजेडात बाकीचे कोळसा फोडायचे. हे मेणबत्तीपेक्षा सुरक्षित समजलं जाई, पण त्यानंही स्फोट झालेच. डॉ. क्लॅनी यांनी 1813 मध्ये भात्यानं हवा भरायचा, पाण्यानं बंद केलेला दिवा बनवला. कल्पना चांगली, पण तो भाता सतत हलवत राहायचा आणि वर कोळसाही फोडायचा, हे जमायचं कसं?

फेलिंगच्या स्फोटानंतर तिथले पाद्री जॉन हॉजसन यांनी हा विषय लावून धरला. अपघात थांबवण्यासाठी संडरलंडला एक मंडळी स्थापन झाली. त्यातल्या डॉ. रॉबर्ट ग्रे यांनी 1815 मध्ये डेव्हीला पत्र लिहिलं. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडहून परतताना डेव्ही न्यूकॅसलला उतरला. तो थेट प्रयोगशाळेत गेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो आधी जॉन बडल नावाच्या अनुभवी खाण-इंजिनिअरला भेटला. कामगारांना काय लागतं, काय पेलवतं, वायू कुठे साठतो, सगळं विचारून घेतलं. मग खाणीतला वायू बाटल्यांत भरून लंडनला मागवला आणि फॅरडेला मदतीला घेऊन कामाला लागला.

दोन-तीन महिन्यांत उत्तर आलं. वायू कुठल्या प्रमाणात पेटतो, किती उष्णतेनं पेटतो हे त्यानं आधी मोजलं. तेव्हा लक्षात आलं की हा वायू पेटायला बऱ्यापैकी जास्त तापमान लागतं, आणि त्याची ज्योत धातूच्या बारीक नळीतून पलीकडे जात नाही. का? कारण धातू उष्णता ओढून घेतो. पलीकडच्या वायूचं तापमान पेटण्याइतकं वाढतच नाही. 9 नोव्हेंबर 1815 ला त्यानं हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं. मग नळ्या आणखी बारीक, आणखी आखूड करत करत तो अशा जागी पोहोचला जिथे नळीची लांबी नुसत्या तारेच्या जाडीएवढी उरली. म्हणजे काय? जाळी! आपल्या चहाच्या गाळणीसारखी तारेची जाळी. एका इंचात 28 तारा, म्हणजे चौरस इंचाला 784 छिद्रं. या जाळीच्या नळकांड्यात तेलाचा दिवा ठेवायचा. हवा आत जाते, उजेड बाहेर येतो, वायू आत शिरला तर आतल्या आतच जळतो, पण ज्योत बाहेर येत नाही. वर आणखी एक फायदा. हवेत वायू वाढला की ज्योतीवर निळसर टोपी दिसायला लागते. म्हणजे दिवाच धोक्याचा इशाराही देतो. एका वस्तूत दोन कामं! ना सर्किट, ना सेन्सर.

9 जानेवारी 1816 ला हेबर्नच्या खाणीत हा दिवा प्रत्यक्ष नेऊन पाहिला. हॉजसन स्वतः पेटता दिवा घेऊन आत उतरले होते. आत काम करणाऱ्या एका कामगाराला काहीच सांगितलेलं नव्हतं, आणि वायूनं भरलेल्या बोगद्यात दिवा येताना पाहून तो जिवाच्या आकांतानं ओरडला, असं सांगितलं जातं. दिवा जवळ आला. काहीच झालं नाही. त्या क्षणी त्याला काय वाटलं असेल, याचा मी बऱ्याच वेळा विचार केलाय.

डेव्हीनं या दिव्याचं पेटंट घेतलं नाही. बडलनं त्याला समजावलं होतं की यातून वर्षाला हजारो पौंड मिळतील. पण माणसांचा जीव वाचवायची गोष्ट आहे, त्यावर पैसा कमवायचा नाही, असं त्यानं ठरवलं. रॉयल सोसायटीनं त्याला रमफर्ड पदक दिलं. खाणमालकांनी वर्गणी काढून चांदीची भांडी भेट दिली. 1818 मध्ये तो बॅरोनेट झाला.

इथेच लेख संपवला असता तर डेव्ही देवमाणूस ठरला असता. पण तसं नाहीये. त्याच सुमारास न्यूकॅसलजवळच्या किलिंगवर्थ खाणीत एक इंजिन दुरुस्त करणारा माणूस स्वतःच्या डोक्यानं असाच दिवा बनवत होता. नळ्या आणि छिद्रांच्या पत्र्याचा. त्यानं 21 ऑक्टोबर 1815 ला, म्हणजे डेव्हीचा निबंध वाचला जाण्याआधी, तो वायू असलेल्या जागी स्वतः हातात धरून नेला होता. अठराव्या वर्षापर्यंत त्याला लिहायला-वाचायलासुद्धा येत नव्हतं. नाव जॉर्ज स्टीफन्सन. हो, तोच, आगगाडीवाला! डेव्हीला हे पटेना. ज्याला रसायनशास्त्र म्हणजे काय ठाऊक नाही असा खाणीतला माणूस हे करूच कसं शकतो? यानं आपली कल्पना चोरली, असंच त्याच्या मनानं घेतलं. खाणमालकांनी डेव्हीला सुमारे 2000 पौंड दिले आणि स्टीफन्सनला 100 गिनी. मग स्टीफन्सनच्या गाववाल्यांनी चिडून वर्गणी काढली आणि त्याला 1000 पौंड दिले. 1833 मध्ये पार्लमेंटच्या समितीनं स्टीफन्सनचाही तेवढाच हक्क मान्य केला. पण तेव्हा डेव्ही ते ऐकायला नव्हता.

मला हा भाग वाचून वाईट वाटलं. स्वतः डिग्री नसलेला, औषधाच्या दुकानातून वर आलेला माणूस दुसऱ्या बिनडिग्रीच्या माणसाला ओळखू शकला नाही. फॅरडेच्या बाबतीतही तेच. ज्याला त्यानं हाताला धरून आणलं, त्याच फॅरडेचं नाव 1824 मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी आलं, तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्हीनं विरोध केला. फॅरडे तरीही निवडून आला. मोठेपणा मिळवणं एक आणि दुसऱ्याचा मोठेपणा सहन करणं एक. सीनिअर-ज्युनिअरच्या गोष्टीत आपणही हे रोज बघतोच की.

आणि खुद्द दिव्याचं काय झालं? ही गोष्ट तर प्रत्येक इंजिनिअरनं ऐकावी अशी आहे. दिवा आला, आणि खाणीतले मृत्यू मात्र अपेक्षेसारखे कमी झाले नाहीत. जे थर वायूमुळे सोडून दिले होते, तेच मालकांनी दिव्याच्या भरवशावर पुन्हा उघडले. माणसं जास्त खोल, जास्त वायूत जाऊ लागली. हवा खेळती ठेवण्यावरचा खर्च टाळला जाऊ लागला. जाळी गंजली, एखादी तार तुटली की दिव्याची पुन्हा उघडी मेणबत्ती झाली. जोराचा वारा असेल तर ज्योत जाळीतून बाहेर ढकलली जायची. हा धोका डेव्हीनं स्वतः सांगितला होता, पण ऐकतो कोण?

सगळ्यात मोठी अडचण उजेडाची. जाळीमुळे दिव्याचा उजेड साध्या मेणबत्तीपेक्षाही कमी पडायचा. आणि कामगारांची मजुरी असायची कोळशाच्या वजनावर! कमी दिसलं की कमी फुटणार, कमी फुटलं की कमी पैसे. मग पोटासाठी माणूस जाळी उघडायचा. शेवटी दिव्यांना कुलपं लावावी लागली. आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. दरवर्षी दिवाळीच्या आसपास आपल्याकडची लाखो माणसं कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. त्यांची मजुरी टनावर असते. पहाटे थंडीत, अंधारात फडात उतरणारा माणूस आणि रात्री मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई, यांना सुरक्षेवर व्याख्यान देऊन काय होणार? सुरक्षित वस्तूनं त्यांची मजुरी बुडत असेल तर ती वस्तू ते बाजूला ठेवणारच. चूक त्यांची नाही, डिझाईन अर्धवट आहे.

डेव्हीची पुढची वर्षं फारशी सुखाची गेली नाहीत. 1820 मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. नौदलाच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे समुद्रात झिजतात, म्हणून त्यानं पत्र्याला लोखंड किंवा जस्ताचे तुकडे जोडायची युक्ती काढली. 1824 मध्ये ती जहाजांवर लावली. झीज खरंच थांबली! पण तांबं विरघळणं थांबलं म्हणून त्यानं मरणारे शिंपले, शेवाळ तळाला मजेत चिकटून वाढू लागले आणि जहाजं हळू चालायला लागली. युक्ती गुंडाळावी लागली, वर चेष्टा झाली ती वेगळीच. आज मात्र हेच तत्त्व कॅथोडिक प्रोटेक्शन या नावानं जमिनीखालच्या पाईपलाईनपासून आपल्या घरच्या गिझरपर्यंत सगळीकडे वापरतात. 1827 मध्ये तब्येतीमुळे त्यानं अध्यक्षपद सोडलं. पक्षाघाताचे झटके आले होते. मासे पकडायच्या छंदावर 'सॅल्मोनिया' नावाचं पुस्तक लिहिलं, युरोपभर फिरला, आणि 29 मे 1829 ला जिनिव्हा इथे वारला. वय फक्त पन्नास. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टीफन्सन यांच्या 'रॉकेट' इंजिननं रेनहिलची शर्यत जिंकली. खाणमालकांनी दिलेली ती चांदीची भांडी पुढे वितळवली गेली आणि त्या पैशातून रॉयल सोसायटी 1877 पासून रसायनशास्त्रासाठी डेव्ही पदक देते.

आता कुणी म्हणेल, दोनशे वर्षांपूर्वीच्या कंदिलाचा आमच्या एलईडी बॅटरीशी काय संबंध? आहे ना! एलईडी थंड असतो असा आपला समज आहे. तो बल्बपेक्षा बरा, एवढंच. त्याला दिलेल्या विजेचा अर्ध्याच्या आसपास भाग तरी उष्णताच होतो, आणि ती सगळी एका चिमुकल्या चिपमध्ये. ती बाहेर काढली नाही तर उजेड कमी होतो आणि एलईडीचं आयुष्यही घटतं. म्हणून चांगल्या बॅटरीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याला पंख्यासारख्या पट्ट्या असतात. म्हणजे पुन्हा तेच. धातूनं उष्णता ओढून घ्यायची. डेव्हीच्या जाळीचं तत्त्व आमच्या हातात हीट सिंक होऊन आलं.

दुसरी गोष्ट, ताकदीची. बाजारातल्या बॅटरीवर दोन किलोमीटरचा झोत असं बिनधास्त छापलेलं असतं. पण झोत दुप्पट लांब न्यायचा तर तीव्रता चौपट लागते. आम्ही सोपं गणित केलं. 3.7 व्होल्ट, 2500 मिलिअँपिअर-अवरचा एक लिथियम सेल म्हणजे सुमारे 9 वॅट-अवर. दोन सेल घेतले तर 18. त्यावर 10 वॅटचा एलईडी दोन तासांत मान टाकणार. रात्रीची पाळी असते आठ तासांची! मग आम्ही मामांना आणि त्यांच्या वस्तीवरच्या सात-आठ जणांना विचारलं, तुम्हाला नेमकं काय लागतं? कुणीच दोन किलोमीटर म्हणालं नाही. पायाखालची दहा पावलं स्पष्ट दिसावीत, हात मोकळे राहावेत म्हणजे खोरं धरता येतं, चिखलात पडली तरी चालू राहावी, आणि पहाटेपर्यंत पुरावी. लांबचा झोत हवा तो फक्त पिकात काही हललं तर, मिनिटभर. म्हणून आमच्या डिझाईनमध्ये कपाळावर बांधायचा, पसरट उजेडाचा 2 वॅटचा दिवा रात्रभर, आणि एका खटक्यावर मिनिटभर 10 वॅटचा झोत. आठ तासांना 16 वॅट-अवर. गणित बसतं! यात नवीन शोध काही नाही, खाणीतल्या कामगारांच्या टोपीवर विजेचा दिवा शंभर वर्षांपूर्वीच आला. पण आदर्श बॅटरी म्हणजे सगळ्यात जास्त ल्युमेनची नव्हे, तर ज्याच्या हातात जायची त्याच्या रात्रीला पुरणारी, एवढं आम्हाला कळलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. आपण ज्या लाईटवर रात्री अभ्यास करतो ती कोळशाचीच. परळीच्या औष्णिक केंद्रात 250 मेगावॉटच्या संचांसाठी रेल्वेनं कोळसा येतो. तो कुठल्या तरी खाणीतून कुणीतरी काढलेला असतो. आपल्या देशात 1965 च्या मे महिन्यात धोरी खाणीत स्फोट झाला, त्यात 268 माणसं गेली. डेव्हीच्या दिव्याला तेव्हा दीडशे वर्षं होत आली होती. म्हणजे शोध लागून भागत नाही. तो नीट वापरला जाईल अशी व्यवस्था, मजुरी आणि मोकळी हवा, हेही लागतं.

डेव्हीकडून काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलंय. प्रयोगशाळेत जाण्याआधी बडलला भेटायला जाणारा डेव्ही घ्यायचा. पेटंटचा मोह सोडणारा डेव्ही घ्यायचा. आणि स्टीफन्सनकडे पाठ फिरवणारा डेव्ही सोडून द्यायचा. कारण आपल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकवणारे मामा, गावातला मोटार रिवाइंडिंगवाला, पंपाचा स्टार्टर काडीनं चालू करणारा शेतकरी, यांच्यात किती स्टीफन्सन आहेत कुणास ठाऊक! चार वर्षांनी आपल्या हातात डिग्री येईल. तेव्हा त्यांच्याशी बोलायची आपली तयारी असेल, तर आपण बनवलेल्या वस्तू अंधारात उपयोगी पडतील.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी